न कमावलेलं

अंबडच्या लॅबमध्ये माझं काम एवढंच:
बोटभर रुंदीची पट्टी कापायची,
आकड्याला अडकवून पाण्यात सोडायची,
खाली आच, वर काटा,
आणि ती कितीवर दचकते
ते वहीत लिहायचं.

कच्चं कातडं साठच्या जरा पुढे अंग चोरतं.
बाभळीच्या सालीत मुरलेलं ऐंशीपर्यंत तग धरतं.
क्रोमचं निळं, एका दिवसात तयार झालेलं,
पाण्याला उकळी फुटली
तरी जागचं हलत नाही.

नवी होते तेव्हा मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं:
कोलॅजन म्हणजे तीन धागे, एकमेकांत वळलेले.
मी म्हटलं, तिपेडी.
त्या हसल्या. हो, तसंच काहीसं.
तापवलं की गाठी सुटतात, वेणी उलगडते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं उलटं.
सुंभ तसाच, पीळ तेवढा निघून जातो
आणि कढईच्या तळाशी उरतो
सरस.

आप्पांना हे फळ्याशिवाय ठाऊक.
नासर्डीच्या अंगाला आमचे चार हौद,
चुन्याचा, धुण्याचा, आणि सालीचे दोन.
चाळीस दिवस, कधी पन्नास.
आप्पा अंगठा रोवायचे
आणि खळगा किती वेळ राहतो ते मोजायचे,
मोजायचे म्हणजे
तंबाखूची एक चिमूट मळून होईस्तोवर.

ढोलाचं पान मात्र सालीच्या पाण्याला दाखवायचंसुद्धा नाही.
केस खरवडायचे, खुंट्यांना ताणायचं,
सावलीत कडक होऊ द्यायचं.
"पायात घालायचं त्याला पोटभर पाजावं,
वाजवायचं त्याला उपाशी ठेवावं,"
म्हणायचे, आणि टिचकी मारून कान लावायचे.

गणपतीच्या आधी पथकातली पोरं यायची,
नाकाला रुमाल लावून,
पान घेऊन जायची.
मिरवणुकीत तेच पान घुमलं
की आई घरातून म्हणायची, आपलं आहे बरं का.
आता फायबर आलंय. त्याला वास नाही.

गेल्या फाल्गुनात सरसाची कढई कलंडली.
आप्पांचा डावा हात,
मनगटापासून कोपरापर्यंत.

सिव्हिलमध्ये दोंदे सिस्टरांनी पाकीट फाडलं.
आत ओला, पातळ, उजेड आरपार जाईल असा पडदा.
"कोलॅजन शीट आहे, बाबा. हळूहळू विरघळेल आत."
आप्पांचे डोळे तापानं मिटलेले.
उजव्या हातानं त्यांनी कापून उरलेला तुकडा मागितला,
अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून
बराच वेळ चोळत राहिले.

"केस साफ निघालेत.
हात चांगला आहे कुणाचातरी."
मग जरा थांबून:
"कमावलेलं नाही पण."

मी म्हटलं, नसतंच कमावलेलं.

"तेच म्हणतो. कमावलेलं असतं
तर चप्पल झालं असतं.
न कमावलेलं आहे, म्हणून अंगी लागेल."

शेजारच्या खाटेवर पंचवटीतले चंद्रात्रे आचारी,
पाकानं भाजलेली पोटरी घेऊन.
त्यांच्यावरही तोच पडदा.
कशाचं असतं हो हे, त्यांनी विचारलं.
सिस्टर म्हणाल्या, औषध.
आप्पा माझ्याकडे वळले, अगदी हळू:
"सांगू नको. खपली धरू दे आधी."
आणि हसायला गेले, तर हात दुखला.

तो उरलेला तुकडा मी रुमालात आणला.
दुसऱ्या दिवशी, सगळे जेवायला गेल्यावर,
आकड्याला लावला.
आच, काटा.
पंचावन्नला दचकला.

आप्पांचा ताप त्या दिवशी एकोणचाळीस.
मध्ये सोळा अंश होते.
मी वही उघडली,
नमुन्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
तर नुसती तारीख टाकली.